पाळी चुकल्यानंतरचे पहिले आठवडे: अंगावरून जाणे, पोटदुखी आणि सोनोग्राफीचा अहवाल

अबोली_२१ (३ जुलै)

नमस्कार. माझे वय ३१ असून लग्नाला तीन वर्षे झाली आहेत आणि ही माझी पहिलीच खेप आहे. शेवटची पाळी १२ मे रोजी आली होती. पीसीओडीमुळे माझी पाळी कित्येक वर्षांपासून साधारण ४० दिवसांनी येते. जूनच्या शेवटी घरी केलेल्या लघवीच्या चाचणीत दोन रेघा आल्या. परवापासून अंगावरून थोडे तपकिरी जाऊ लागले, म्हणून आज आतून सोनोग्राफी करून घेतली. तारखेप्रमाणे ७ आठवडे ३ दिवस भरले आहेत, पण अहवालात गर्भाची सॅक (गर्भाभोवतीची पिशवी) १० मिमी आहे आणि तिच्यात योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी लहान पिशवी) दिसत असली तरी गर्भ दिसत नाही, असे लिहिले आहे. डॉक्टरांनी बारा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करू, एवढेच सांगितले आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

घरी आल्यावर दोन मते पडली. सासूबाईंच्या मते मी पलंगावरून खाली पाय ठेवू नये. नात्यातल्या एका बाईंचे म्हणणे असे की दोन आठवड्यांनी वाढ मागे आहे, तेव्हा आताच पिशवी धुवून घ्यावी, नाहीतर अंगात विष भिनेल. बाकी फाइलमध्ये हिमोग्लोबिन १०.८, थायरॉईड योग्य आणि रक्तगट ए निगेटिव्ह एवढेच आहे. बारा दिवस नुसते थांबणे सुरक्षित आहे का, आणि थांबायचे असेल तर कशावर लक्ष ठेवायचे, हे जाणकारांनी सांगितले तर बरे होईल.

पायवाट (३ जुलै)

अबोली, कोणी काहीही सांगितले तरी एका सोनोग्राफीवर पिशवी धुवायला जाऊ नकोस. माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी पहिल्या अहवालात हेच शब्द होते. तो आता नववीत आहे. तुझेही असेच होईल असे मी म्हणत नाही, कारण मला ते कळत नाही. पण आज निर्णय घेण्याची गरज नाही, इतके मला नक्की कळते.

संध्याकाळची_ओपीडी (३ जुलै)

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. येथे दिलेल्या माहितीवरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही, परंतु अहवाल कसा वाचावा हे सांगता येईल.

आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजण्याच्या पद्धतीत पाळी २८ दिवसांची असून स्त्रीबीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटते, असे गृहीत धरलेले असते. तुमची पाळी ४० दिवसांची असेल, तर बीज सुमारे १२ दिवस उशिरा सुटले असणार. १२ मेपासून आजपर्यंत ५२ दिवस झाले. त्यांतून १२ वजा केले की ४० दिवस उरतात, म्हणजे ५ आठवडे ५ दिवस. योगायोगाने सॅकच्या मापाचा ढोबळ हिशेबही हाच आहे: मिलिमीटरमधील सरासरी मापात ३० मिळवले की दिवस मिळतात. आतून केलेल्या सोनोग्राफीत साधारण पाचव्या आठवड्यात सॅक, साडेपाचच्या सुमारास योक सॅक आणि सहाव्या आठवड्याच्या आसपास गर्भ व त्याचे ठोके दिसू लागतात. म्हणून तुमचा गर्भ मागे पडला आहे असे आज कोणीही म्हणू शकत नाही. तो वाढेलच असेही म्हणता येत नाही.

ठोके थांबले आहेत हे एकाच तपासणीवरून ठरवण्याचे निकष मुद्दाम कडक ठेवले आहेत. गर्भाची लांबी ७ मिमी किंवा अधिक असून ठोके नसणे, अथवा सॅकचे सरासरी माप २५ मिमी किंवा अधिक असून आत गर्भच नसणे, यांपैकी एक गोष्ट दिसावी लागते. त्याहून लहान मापांवर पुन्हा तपासणी हाच नियम आहे. योक सॅक दिसल्यापासून किमान ११ दिवसांनीही ठोके असलेला गर्भ दिसला नाही, तर निदान पक्के होते. तुमच्या डॉक्टरांनी बारा दिवसांनी बोलावले ते याच हिशेबाने, आणि हे त्यांनी दोन वाक्यांत तुम्हाला सांगायला हवे होते. मराठीत गर्भाशयालाही पिशवी आणि सॅकलाही पिशवी म्हटले जाते, त्यामुळे 'पिशवी रिकामी आहे' या एका वाक्याने किती घरांत रडारड होते ते मी रोज पाहतो. विष भिनण्याची भीती मात्र निराधार आहे. वाढ थांबलेली असली, तरी जंतुसंसर्गाची लक्षणे नसताना दोन आठवडे थांबल्याने अंगात विष होत नाही.

पहिल्या तीन महिन्यांत सुमारे चारपैकी एका गर्भवतीला थोडेफार अंगावरून जाते आणि त्यांपैकी बऱ्याच जणींची गर्भधारणा पुढे नीट चालते. थोडे तपकिरी जाणे हे जुने रक्त असते. लागोपाठ दोन तास दर तासाला पूर्ण पॅड भिजणे, चक्कर येऊन पडणे, एका बाजूला वाढत जाणारी पोटदुखी, खांद्याच्या टोकाला दुखणे, ताप किंवा घाण वासाचा स्राव यांपैकी काहीही झाले, तर बारा दिवसांची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालयात जावे, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

शेवटी, तुमच्या फाइलमधील जी ओळ तुम्ही जाता जाता लिहिली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुमचा रक्तगट निगेटिव्ह आहे. यजमानांचा रक्तगट उद्याच तपासून घ्या आणि तुमच्या डॉक्टरांना अँटी-डी इंजेक्शनाबद्दल विचारा. बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ नयेत म्हणून ते देतात.

माणदेशी (४ जुलै)

वरची यादी वाचून खांद्याच्या दुखण्यावर थांबले. अबोलीला घाबरवण्याचा हेतू नाही, पण हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

मुलगा दीड वर्षाचा असताना मला पुन्हा दिवस गेले. इतक्या लवकर दुसरे मूल नको होते, म्हणून मालकांनी मेडिकलमधून गोळ्या आणल्या. चिठ्ठी कोणी मागितली नाही आणि सोनोग्राफी करावी लागते हे आम्हाला ठाऊकच नव्हते. गोळ्या घेतल्यावर पाळीसारखे रक्त गेले आणि सुटलो असे वाटले. त्यानंतर आठवडाभर अंगावरून थोडे थोडे जातच होते आणि उजव्या बाजूला ओटीपोटात दुखत होते. जवळच्या दवाखान्यात गेले, तर पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्या घेतल्याचे मी लाजेने सांगितले नाही आणि त्यांनी शेवटची पाळी कधी आली हे विचारले नाही. दहाव्या दिवशी बाजार करून एसटी स्टँडवर उभी असताना उजवा खांदा असा ठणकू लागला की पिशवी हातातून सुटली. पुढचे मला आठवत नाही.

गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत होता आणि नळी फुटली होती. पोटात दीड लिटर रक्त साठले होते, असे नंतर सांगितले. उजवी नळी काढावी लागली आणि तीन बाटल्या रक्त चढवले. दोन वर्षांनी उरलेल्या एका नळीवर मुलगी झाली. त्या खेपेला पाळी चुकल्यावर आठव्या दिवशी सोनोग्राफीच्या दारात जाऊन बसले होते.

संध्याकाळची_ओपीडी (४ जुलै)

माणदेशीताई, तुम्ही हे लिहिलेत हे फार चांगले केलेत. या विषयावर मी दहा परिच्छेद लिहिले असते तरी त्यांत एसटी स्टँड आला नसता.

त्या गोळ्या गर्भाशयावर काम करतात. गर्भाशयाचे अस्तर सुटून रक्त जाते, पण नळीत रुजलेला गर्भ आहे तिथेच वाढत राहतो, आणि रक्त गेल्यामुळे काम झाले असा समज होतो. गर्भ कुठे आहे हे कळल्याशिवाय या गोळ्या घेणे धोक्याचे का आहे, याचे याहून स्पष्ट उदाहरण देता येणार नाही. आपल्या देशात १९७१ च्या कायद्याने गर्भपाताला मान्यता आहे आणि तो सुरक्षितपणे करून मिळतो. मेडिकलच्या फळीवरून लपवून गोळ्या आणण्याची वेळ स्त्रियांवर येते, ती बहुधा माहिती नसल्यामुळे आणि लाजेमुळे.

शंभर गर्भधारणांपैकी एक ते दोन गर्भाशयाबाहेर रुजतात आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नळीत असतात. पूर्वी नळीत गर्भ राहिलेला असणे, ओटीपोटातील जुना जंतुसंसर्ग, नळीवरील शस्त्रक्रिया, धूम्रपान, कॉपर-टी असताना दिवस राहणे या गोष्टींनी शक्यता वाढते, पण निम्म्या रुग्णांत यांपैकी काहीच आढळत नाही. खांदा दुखतो, कारण पोटात साठलेले रक्त श्वासपटलाला टोचते आणि त्या पडद्याची नस मानेतून येत असल्याने वेदना खांद्यावर जाणवते.

चाचणीत दोन रेघा आणि सोनोग्राफीत गर्भाशय रिकामे, अशी स्थिती असेल तेव्हा रक्तातील बीटा एचसीजी, म्हणजे गर्भधारणेत तयार होणारे संप्रेरक, ४८ तासांच्या अंतराने दोनदा तपासतात. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. सुरुवातीच्या दिवसांत तो दोन दिवसांत किमान निम्म्याने तरी वाढायला हवा. मंद वाढला किंवा रेंगाळला, तर नळीतल्या गर्भाचा संशय धरावा लागतो. निदान लवकर झाले, नळी फुटलेली नसली, आकडा कमी असला आणि ठोके नसले, तर गर्भाच्या पेशींची वाढ थांबवणाऱ्या मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनाने शस्त्रक्रिया टळू शकते. मात्र त्यानंतर आकडा शून्यावर येईपर्यंत तपासण्या चुकवून चालत नाहीत, फॉलिक ॲसिड बंद ठेवावे लागते आणि पुढचे किमान तीन महिने दिवस जाऊ देता येत नाहीत.

अबोली, तुमच्या अहवालात गर्भाशयाच्या आत योक सॅक दिसली आहे. त्यामुळे नळीतल्या गर्भाची चिंता तुम्ही जवळजवळ पूर्णपणे सोडून देऊ शकता.

कोरा_कागद (४ जुलै)

पुरुषाने या धाग्यावर लिहावे की नाही असा प्रश्न पडला होता, पण पत्नीची अवस्था हीच असल्याने विचारतो. तिला आठव्या आठवड्यात थोडे लाल गेले. ठोके चांगले आहेत. डॉक्टरांनी प्रोजेस्टेरॉनच्या (गर्भधारणेला आधार देणाऱ्या संप्रेरकाच्या) गोळ्या दिल्या असून पूर्ण विश्रांती सांगितली आहे. आई तिला आंघोळीपुरतेही उठू देत नाही. तीन आठवड्यांत तिचे पाय दुखू लागले आहेत आणि ती दिवसभर छताकडे पाहत पडून असते. विश्रांतीने खरोखर गर्भ टिकतो का?

थेम्सकाठ (५ जुलै)

मी लंडनजवळ राहते. येथे अर्ली प्रेग्नन्सी युनिट नावाचे स्वतंत्र विभाग असतात. माझे दोन गर्भपात झाले आणि तिसऱ्या खेपेला सातव्या आठवड्यात पुन्हा रक्त गेले. झोपून राहायचे का, असे मी विचारल्यावर नर्सने मला विचारले की तुम्हाला झोपून बरे वाटणार आहे का. वाटत नसेल तर कामावर जा, असे ती म्हणाली. मला तेव्हा ती फार कोरडी वाटली, पण नंतर वाचल्यावर कळले की विश्रांतीने गर्भपात टळतो असे अभ्यासांत दिसलेले नाही.

प्रोजेस्टेरॉन मात्र मला दिले: ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, योनीमार्गातून, सोळा आठवड्यांपर्यंत. त्याचा आधार असलेला प्रिझम नावाचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ब्रिटनमधील ४८ रुग्णालयांतील ४,००० हून अधिक स्त्रिया होत्या. सरसकट सर्वांचा विचार केला तर जिवंत बाळ जन्मण्याच्या प्रमाणात फरक अगदी थोडा होता, प्रोजेस्टेरॉन घेतलेल्यांत ७५ टक्के आणि न घेतलेल्यांत ७२ टक्के. ज्यांचे आधी तीन किंवा अधिक गर्भपात झाले होते आणि आता रक्त जात होते, त्यांच्यात मात्र ७२ टक्के आणि ५७ टक्के असा फरक दिसला.

एक गोष्ट विचारायची आहे. माझाही रक्तगट निगेटिव्ह आहे. दोन्ही वेळा बारा आठवड्यांच्या आत आपोआप सर्व पडून गेले होते आणि येथे मला अँटी-डी दिले नाही. मग अबोलीला ते का हवे?

संध्याकाळची_ओपीडी (५ जुलै)

थेम्सकाठ, प्रश्न रास्त आहे. बाळ पॉझिटिव्ह असेल आणि त्याच्या रक्ताचा अंश निगेटिव्ह आईच्या रक्तात मिसळला, तर तिचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. त्या खेपेला सहसा काही होत नाही, पण पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तपेशी ती नष्ट करू लागतात. बारा आठवड्यांच्या आत हा अंश फार थोडा असतो, म्हणून ब्रिटनमध्ये आपोआप किंवा गोळ्यांनी झालेल्या गर्भपातानंतर अँटी-डी देत नाहीत, शस्त्रक्रिया झाली तर देतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ च्या मार्गदर्शनात बारा आठवड्यांच्या आत त्याची गरज नसल्याचे म्हटले आहे. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर अजूनही ७२ तासांच्या आत ते देतात आणि मीही देतो. माझे कारण शास्त्रीय कमी आणि व्यावहारिक अधिक आहे: आठवडे नेमके किती भरले होते याची खात्री अनेकदा नसते आणि ही रुग्ण पुढच्या खेपेस कोणत्या गावी, कोणासमोर येईल हे मला माहीत नसते. यजमानही निगेटिव्ह असतील, तर प्रश्नच उरत नाही.

कोरा_कागद, तुम्ही अवश्य लिहा. अंथरुणाला खिळून राहण्याचा उपयोग नाही, उलट गरोदरपणात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असताना आठवडेच्या आठवडे पडून राहिल्यास पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. एकाच पायाला सूज किंवा पोटरीत दुखणे असेल, तर आजच दाखवा. जड उचलणे आणि रक्त जात असेपर्यंत शरीरसंबंध टाळावेत, बाकी घरातला वावर, आंघोळ, जिना, हलके काम चालू द्यावे. प्रोजेस्टेरॉनविषयी थेम्सकाठ यांनी जे लिहिले ते बरोबर आहे. आपल्याकडे ते, आणि सोबत दर आठवड्याचे इंजेक्शन, रिपोर्ट कसाही असो, जवळजवळ प्रत्येकीला लिहिले जाते. त्यात काही अंशी डॉक्टरांची भीतीही असते, कारण काहीच दिले नाही आणि गर्भ गेला तर लोक विचारतात की तुम्ही औषध का दिले नाही.

जाईजुई_६८ (५ जुलै)

माझे वय ६८ आहे. आमच्या वेळी दोन महिन्यांचे गेले तर 'अंगावरून गेले' इतकेच म्हणत आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवावी लागे. पपई खाल्ली का, उंबरा चढताना उडी मारली का, पाण्याची घागर उचलली का, असे प्रश्न मात्र सगळे विचारत. मी पपई खाल्ली नव्हती. तरी चाळीस वर्षे ते कलिंगड होते की काय, असे मनात येत राहिले. डॉक्टर, खरे कारण काय असते?

संध्याकाळची_ओपीडी (५ जुलै)

आजी, कलिंगड नव्हते. लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० टक्के गर्भपातात संपतात, बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. ती चूक बीजे एकत्र येतानाच झालेली असते, तेव्हा तुम्हाला दिवस गेल्याचेही माहीत नसते. घागर, जिना, पिकलेली पपई यांचा तिच्याशी संबंध नाही. लागोपाठ गर्भपात होत असतील, तर थायरॉईड, मधुमेह, रक्त गोठवणारी प्रतिपिंडे आणि गर्भाशयाची रचना तपासावी लागते.

अबोली_२१ (१५ जुलै)

आज सोनोग्राफी झाली. गर्भ ८ मिमी आहे आणि ठोके नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनीही यंत्रावर पाहून तेच सांगितले. या वेळी त्यांनी समोर बसवून समजावले. यजमान बी पॉझिटिव्ह आहेत. वाट पाहणे, गोळ्या किंवा सक्शन (यंत्राने ओढून गर्भाशय रिकामे करणे), असे तीन मार्ग सांगून उद्यापर्यंत विचार करायला सांगितले आहे. मी आज फार लिहू शकत नाही. कोणता मार्ग घ्यावा?

संध्याकाळची_ओपीडी (१५ जुलै)

फार वाईट वाटले. तुमच्याकडून काही राहून गेलेले नाही.

तिन्ही मार्ग सुरक्षित आहेत आणि निवड तुमची आहे. वाट पाहिली तर बहुतेकींना आपोआप रक्तस्राव सुरू होतो, पण दिवस सांगता येत नाही आणि ते अधांतर काहींना सोसत नाही. गोळ्यांचे दोन टप्पे असतात: आधी मिफेप्रिस्टोन आणि दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल. ब्रिटनमधील २०२० च्या अभ्यासात दोन्ही औषधे दिलेल्यांपैकी ८३ टक्के स्त्रियांत आठवड्याभरात सॅक पडून गेली, तर फक्त दुसरे औषध दिलेल्यांत हे प्रमाण ७६ टक्के होते. पोटात पाळीपेक्षा बरेच अधिक दुखते, तेव्हा वेदनाशामक आधीच घरात असावे, सोबतीला कोणीतरी असावे आणि रुग्णालय अर्ध्या तासाच्या अंतरावर असावे. तुमचे हिमोग्लोबिन १०.८ आहे, त्यामुळे रक्त किती जाते याकडे थोडे अधिक लक्ष द्या. सक्शन दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. ते निवडलेत तर ते सक्शनच असेल, चमच्याने खरवडून केलेले जुन्या पद्धतीचे क्युरेटिंग नसेल, हे विचारून घ्या, कारण खरवडण्याने गर्भाशयाचे अस्तर चिकटण्याचा धोका अधिक असतो. अँटी-डी तिन्हींत आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने.

पायवाट (१६ जुलै)

अबोली, तू नोकरी करतेस का ते माहीत नाही. करत असशील तर लक्षात ठेव, १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यापासून गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद आहे. माझ्या कचेरीत हे कोणालाच ठाऊक नव्हते आणि मी स्वतःची अर्जित रजा खर्च करून बसले. डॉक्टरांकडून दाखला घेताना त्यावर 'अशक्तपणा' किंवा 'पोटाचा विकार' असे मोघम लिहून घेऊ नकोस, 'गर्भपात' असा स्पष्ट शब्द असू दे. संकोच वाटतो, पण त्या एका शब्दावर रजा मिळते.

अबोली_२१ (७ ऑगस्ट)

गोळ्यांचा मार्ग घेतला. १९ जुलैला सर्व पडून गेले आणि अँटी-डी त्याच दिवशी घेतले. रजेचा अर्ज मंजूर झाला, कार्यालयाने दाखला दोनदा मागितला. रक्तस्राव आठवड्यापूर्वी थांबला, ताप नाही, पोट दुखत नाही. आज लघवीची चाचणी केली तर दुसरी रेघ अजून पुसट दिसते आहे. सगळे कोरडे झाले असताना रेघ का यावी? आणि पुन्हा प्रयत्न करायला सहा महिने थांबावे लागेल असे घरी म्हणतात, ते खरे का?

संध्याकाळची_ओपीडी (७ ऑगस्ट)

एचसीजी रक्तातून उतरायला काही आठवडे लागू शकतात, त्यामुळे पुसट रेघ आज काळजीची नाही. एका आठवड्याने सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा चाचणी करा. तेव्हाही रेघ असेल, किंवा मधेच पुन्हा रक्त जाऊ लागले, तर सोनोग्राफी आणि रक्तातील बीटा एचसीजी करून घ्यावे. आत काही अंश राहिला आहे का हे पाहावे लागते, आणि क्वचित द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी द्राक्षांच्या घडासारखी होणारी वाढ) असल्यास हा आकडा उतरण्याऐवजी चढत जातो.

सहा महिने थांबण्याचा सल्ला जुना आहे. स्कॉटलंडमधील ३०,००० हून अधिक स्त्रियांच्या नोंदी २०१० मध्ये तपासल्या, तेव्हा सहा महिन्यांच्या आत पुन्हा दिवस गेलेल्यांचे निकाल उलट चांगले आढळले. रेघ पूर्ण गेली, एक पाळी येऊन गेली आणि तुमच्या मनाची तयारी असली, की पुरे. एक पाळी येऊ द्यायची ती तारीख मोजायला सोपे जावे म्हणून. तुमच्या ४० दिवसांच्या पाळीत तारखेने एकदा घोळ घातलाच आहे. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आजपासून चालू ठेवा, लोहाच्या गोळ्याही घ्या, आणि पुढच्या खेपेस पहिली सोनोग्राफी पाळी चुकल्याच्या तिसऱ्या आठवड्याआधी करू नका. मात्र पोट दुखले किंवा रक्त गेले, तर हा नियम मोडून लगेच करा.

माणदेशी (८ ऑगस्ट)

आणि खांदा दुखला तरी.